दयेलाही माप असते

कर्माचे मूल्य हेतूवर ठरते, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा उपदेश आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहाचा आरंभच या उपदेशाने केला. नमाज, रोजा, दानधर्म, प्रवास, विवाह, व्यापार अशा सर्व व्यवहारांत प्रथम अंतःकरणाची पारख होते, ही इस्लामची मूलभूत शिकवण आहे. परंतु याच शिकवणीचा एक सोयीचा अर्थ आपल्या घराघरांत रुजला आहे. मन स्वच्छ असले की काम आपोआप योग्य ठरते, असे आपण गृहीत धरतो. काही विपरीत घडले, तर ‘आमची नियत तर चांगली होती’ एवढे म्हणून मोकळे होतो. हे म्हणणे धर्माच्या कसोटीवर कितपत टिकते? चांगल्या हेतूने, पण न विचारता व न मोजता केलेल्या कृतीचा हिशेब नेमका कसा होतो? या लेखात हा प्रश्न एका अगदी घरगुती उदाहरणावरून तपासून पाहू. ते उदाहरण म्हणजे हगवण लागलेल्या तान्ह्या बाळासाठी तयार केले जाणारे मीठ-साखरेचे पाणी, म्हणजेच ओआरएस. मराठीत त्याला ‘जलसंजीवनी’ असे समर्पक नाव आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांत पावसाळा सुरू झाला की नदी-नाल्यांचे गढूळ पाणी विहिरींत व हातपंपांत झिरपते. बल्लारपूर-घुग्घुसच्या कोळसा वस्त्यांत नळाच्या फुटक्या जोडांतून सांडपाणी आत शिरते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दवाखाना असूनही नसल्यासारखा होतो. अशा दिवसांत बाळाला हगवण लागते. समजा, घरात आशा ताईने दिलेले ओआरएसचे एक पाकीट आहे. ते एक लिटर पाण्यासाठी आहे. आई विचार करते की बाळ फार अशक्त झाले आहे, औषध जरा कडक असावे, म्हणजे लवकर गुण येईल. ती सगळी पूड एका पेल्यात विरघळवते आणि चमच्याचमच्याने बाळाला पाजते. तिच्या ममतेविषयी शंका घेण्याचे कोणालाच कारण नाही. तिच्या हेतूइतका निर्मळ हेतू जगात क्वचितच आढळेल. तरीही ते पेलाभर पाणी बाळासाठी घातक आहे.

असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. हगवणीत बाळाच्या शरीरातून पाणी जाते आणि त्याबरोबर सोडियम, पोटॅशियम यांसारखे क्षारही जातात. नुसते पाणी पाजले तर क्षारांची उणीव भरून निघत नाही. आतड्याची रचना अशी आहे की सोडियम आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र आले म्हणजे ते एकमेकांच्या साहाय्याने आतड्याच्या भिंतीतून आत शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. हगवण चालू असतानाही हा मार्ग बहुधा खुला राहतो. ही अल्लाहच्या कारागिरीतील एक सूक्ष्म योजना आहे. पण ती प्रमाणावर चालते. साखर फार झाली तर उलट शरीरातीलच पाणी आतड्यात ओढले जाते आणि हगवण वाढते. मीठ फार झाले तर रक्तातील सोडियम वाढते. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडे ते पुरेशा वेगाने बाहेर टाकू शकत नाहीत, बाळ चिडचिडे होते, सुस्तावते, त्याला आकडीही येऊ शकते. क्षार फार कमी पडले तर उपचाराचा हेतूच साधत नाही. म्हणजे तेच पाणी, तेच मीठ आणि तीच साखर एका प्रमाणात जीवन ठरते आणि दुसऱ्या प्रमाणात संकट.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यापैकी एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यातच त्याच्यावर स्नान अनिवार्य झाले. मला तयम्मुमची सवलत आहे काय, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. ही वार्ता ऐकून प्रेषितांनी (स.) तीव्र शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्या माणसाच्या मृत्यूला त्यांनी सोबत्यांनाच जबाबदार धरले. ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, असा त्यांचा सवाल होता. अज्ञानाच्या व्याधीवर विचारणे हाच उपाय आहे, हे सूत्र याच प्रसंगातून आपल्याला मिळाले.

या प्रसंगाकडे बारकाईने पाहा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या सोबत्याची उपासना शुद्ध व्हावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तरीही केवळ हेतूच्या आधारे त्यांना मोकळे सोडण्यात आले नाही. ठाऊक नसणे हा त्यांचा दोष मानला गेला नाही. ठाऊक नसताना ठामपणे सांगणे आणि विचारणे शक्य असताना न विचारणे, हा तो दोष होता. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो त्याच्यावर हानीची भरपाई करण्याची जबाबदारी येते, अशीही एक हदीस अबू दाऊद व इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. यावरून स्पष्ट होते की हेतू हा कर्माचा प्राण असला तरी ज्ञान हे त्याचे शरीर आहे. दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असताना ज्ञान मिळवण्याचा प्रयत्न हाही हेतूचाच भाग असतो. जो मनापासून बाळाचे भले इच्छितो तो पाकिटावरचे माप वाचतो. स्वतःला वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला गाठतो.

दुसरा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्यातील मर्म बहुधा निसटते. एका गृहस्थाने प्रेषितांकडे (स.) येऊन आपल्या भावाचे पोट बिघडल्याचे सांगितले. त्याला मध पाजण्यास सांगण्यात आले. तो पुन्हा आला आणि म्हणाला की त्रास वाढलाच आहे. त्याला पुन्हा मधच देण्यास सांगितले गेले. असे वारंवार घडले आणि शेवटी रुग्ण बरा झाला. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी यावर भाष्य करताना एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे. औषधाला रोगाच्या स्थितीनुसार एक प्रमाण असते, ते कमी पडले तर रोग जात नाही आणि अधिक झाले तर शक्ती क्षीण होते. पुन्हा पुन्हा देण्याच्या आदेशामागे ते प्रमाण पूर्ण करण्याचा हेतू होता, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. चौदाव्या शतकातील एका धर्मपंडिताने हदीसमधून काढलेला हा निष्कर्ष आजच्या कोणत्याही डॉक्टरला मान्य होईल.

या प्रसंगातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली धीराची. जलसंजीवनी दिल्यावर हगवण लगेच थांबत नाही. तिचे काम गेलेले पाणी व क्षार भरून काढणे हे आहे. पण दोन-चार वेळा पाजूनही जुलाब सुरूच आहेत, हे पाहून अनेक घरांत ‘याने काही होत नाही’ असे म्हणून ती बंद केली जाते आणि बाळाची स्थिती बिघडते ती तेथूनच. त्या गृहस्थाप्रमाणे आपल्यालाही प्रमाण पूर्ण होईपर्यंत टिकून राहायचे आहे. दुसरी गोष्ट सावधगिरीची. त्या हदीसमधील रुग्ण हा त्या गृहस्थाचा भाऊ होता, ते तान्हे मूल नव्हते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ निक्षून सांगतात. मधात कधी कधी असे सूक्ष्म जीवबीज असते की ते मोठ्यांना काही करत नाही, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात वाढून विष निर्माण करते. हदीसविषयीच्या प्रेमापोटी तान्ह्या बाळाला मधाचे बोट चाटवणे म्हणजे त्या हदीसचा शब्द घेऊन तिच्यातील प्रमाणाचा धडा सोडून देणे होय. तहनीकच्या हदीसांतही उल्लेख खजुराचा आहे, याचे स्मरण असावे.

पवित्र कुरआनच्या सूरह रहमानमध्ये आकाश उंच उभारल्याच्या उल्लेखाबरोबरच तराजूचा उल्लेख येतो आणि मापात मर्यादा ओलांडू नका, वजनात घट करू नका, अशी ताकीद येते. हजरत शुऐब (अलै.) यांच्या कौमला मापाच्या अफरातफरीबद्दल खडसावले गेले. आपण या आयती ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर धान्याचा व्यापारी येतो. परंतु माप हे केवळ दुकानातील काट्यापुरते मर्यादित नाही. सृष्टीतील प्रत्येक वस्तू एका प्रमाणात निर्माण केल्याचे कुरआन सांगते. तान्ह्या बाळाच्या रक्तातील मीठही त्याच मीजानमध्ये आहे. ते राखणे ही अमानत आहे. बाजाराच्या बाबतीतही हे लागू पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने बाजारातील पेयांच्या नावात वा वेष्टनावर ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. साखरेने गोड केलेली पेये जलसंजीवनीच्या नावाने खपत होती आणि आजारी मुलांना पाजली जात होती, हे त्यामागचे कारण होते. औषधाचे नाव लावून गोड पाणी विकणे ही मापात केलेली लबाडीच आहे. आपल्यातील दुकानदार बांधवांनी अशा मालाबाबत ईशभय बाळगावे आणि गिऱ्हाइकाने ओआरएस मागितले तर खरे पाकीटच हातात ठेवावे.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. जंगलातल्या, निरक्षर, दिवसभर मजुरी करणाऱ्या मातेवर लिटर आणि ग्रॅमचे ओझे टाकणे हा तिच्यावर अन्याय नव्हे काय? अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपेक्षा अधिक भार टाकत नाही, असे सूरह बकराच्या अखेरीस म्हटले आहे आणि विसरलो वा चुकलो तर पकडू नये, अशी प्रार्थनाही तेथेच शिकवली आहे. ज्या मातेने आपले बाळ गमावले आहे तिला या लेखातून दोष देणे मनातही नाही. तिला कोणी शिकवलेच नसेल तर प्रश्न तिला विचारला जाणार नाही. तो ज्यांना ठाऊक होते आणि जे गप्प बसले, त्यांना विचारला जाईल. जे ज्ञान समाजात कोणाकडे तरी असलेच पाहिजे ते फर्जे किफाया होय, आणि ते कोणीच पोहोचवले नाही तर सर्वच दोषी ठरतात.

शिवाय माप शिकण्यासाठी शाळेची पाटी लागतेच असे नाही, हे आपल्याच गडचिरोलीने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था येथे सुरू केली. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मिनिटाला श्वास किती, हे मोजावे लागते. गावच्या निरक्षर दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यासाठी एक साधे साधन तयार करण्यात आले. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपेपर्यंत ठरलेल्या मण्यांपलीकडे मणी गेले तर बाळ आजारी समजायचे. तसबीहचे मणी ओढणाऱ्या आपल्या समाजाला यातील सौंदर्य वेगळे सांगायला नको. मोजता न येणाऱ्या हातांनी अचूक मोजले, कारण कोणीतरी त्यांच्या कुवतीत बसेल असे माप त्यांच्या हाती दिले.

जलसंजीवनीचा इतिहासही हेच सांगतो. चामोर्शी-मुलचेरा भागातील बंगाली वस्त्या आपल्या ओळखीच्या आहेत. ही कुटुंबे ज्या पूर्व बंगालातून विस्थापित होऊन आली, तेथूनच १९७१ च्या युद्धकाळात लाखो निर्वासितांचा आणखी एक लोंढा भारतात आला. पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात मिसळल्या आणि ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. मोजून बांधलेली पुडी हाती आली, तेव्हा त्या छावणीतील हवालदिल आयाबापांनीच उपचारकांचे काम केले.

पुढे बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दशकात १ कोटी २० लाखांहून अधिक घरांत जाऊन मातांना मीठ-गुळाचे पाणी बनवायला शिकवले. चिमूट आणि मूठ हीच तेथील मापे होती, पण ती अंदाजावर सोडलेली नव्हती. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात आणि प्रत्येक मातेकडून ते समोर बनवून घेतले जाई. या योजनेतील एक नियम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. शिकवणाऱ्या स्त्रीचा मोबदला तिने किती घरे फिरली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस जाऊन मातेला काय आठवते, तिला काय बनवता येते, हे पाहत आणि त्यावरून मोबदला ठरे. ‘मी सांगून आले’ याला तेथे किंमत नव्हती. समोरच्याच्या हातात ज्ञान उतरले का, हीच कसोटी होती. मिंबरवरून उपदेश करणाऱ्या आम्हा सर्वांना ही कसोटी लावली तर आमच्यापैकी किती जण उत्तीर्ण होतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

तवक्कुलविषयीही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. मगरिबच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात पाण्याचे पेले घेऊन उभ्या असलेल्या स्त्रिया व मुले आपण पाहतो. आजारी बाळासाठी दुआ करावी, जरूर करावी. प्रेषित (स.) आजाऱ्याच्या अंगावरून उजवा हात फिरवून त्याच्यासाठी आरोग्य मागत, असे हदीसमध्ये आले आहे. तीच पद्धत अनुसरून बाळाला हात लावून दुआ करता येते. परंतु न उकळलेले, उघड्या पेल्यातून आलेले पाणी दम करून हगवणीच्या बाळाला पाजणे आणि पाकीट कपाटात ठेवणे हा तवक्कुल नव्हे. हजरत हाजरा (अलै.) यांचे स्मरण करा. ओसाड खोऱ्यात तान्हा इस्माईल तहानेने व्याकूळ झाला, तेव्हा त्यांचा अल्लाहवरील विश्वास अढळ होता. तरीही त्या बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा यांच्यामध्ये सात वेळा धावल्या. जमजम प्रकटले ते त्यानंतर. तहानलेल्या बाळासाठी एका मातेने केलेली ही धावाधाव अल्लाहने हज व उमराहच्या विधींत कायमची सामावून घेतली.

म्हणून प्रत्येक घरात पुढील गोष्टी शिकल्या व शिकवल्या जाव्यात. प्रथम हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून पूर्ण थंड करावे. पाकिटावर किती पाण्यासाठी ते आहे, हे वाचावे, कारण मोठे पाकीट एक लिटरसाठी असते आणि लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. माप ठाऊक असलेल्या स्वच्छ बाटलीने पाणी मोजावे. पूर्ण पाकीट एकाच वेळी टाकावे. अर्धे आज, अर्धे उद्या असे करू नये. त्यात साखर, मीठ, दूध वा फळांचा रस मिसळू नये आणि मिसळल्यावर पुन्हा उकळू नये. झाकून ठेवावे व २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. वाटी-चमच्याने, सावकाश पाजावे. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करावे.

आईचे दूध एकदाही बंद करू नये. कुरआनने दोन वर्षांच्या स्तनपानाचा उल्लेख केला आहे आणि हगवणीच्या दिवसांत तर त्याची गरज अधिकच असते. सहा महिन्यांवरील बाळाचे नेहमीचे अन्नही चालू ठेवावे. आशा ताई वा डॉक्टर देतील त्या झिंकच्या गोळ्या हगवण थांबली तरी १४ दिवस पूर्ण कराव्यात. पाकीट मिळणे अशक्यच असेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, एवढेच घालावे. चाखून पाहावे, ते अश्रूंपेक्षा खारट लागले तर टाकून द्यावे. मात्र तान्ह्या बाळासाठी पाकीटच अधिक सुरक्षित आहे, म्हणून पावसाळ्यापूर्वीच दोन पाकिटे घरात असावीत. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, सुस्त पडत असेल, दूध ओढत नसेल, डोळे वा टाळू खोल गेली असेल, लघवी होत नसेल किंवा शौचात रक्त दिसत असेल, तर घरी थांबू नये. अंगावर पाजत आणि घोट घोट जलसंजीवनी देत तत्काळ दवाखाना गाठावा.

हे काम एकट्या आईचे नाही. पाकीट आणणे व पाणी उकळणे हे पित्याचेही कर्तव्य आहे. पाकिटावरील मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी घरातील शाळकरी मुलगी पुण्याची भागीदार आहे. पावसाळ्यातील एखाद्या जुम्याला मशिदीच्या अंगणात आशा ताईंना बोलावून लोकांसमोर, आणि लोकांच्या हातून, एक लिटर पाणी तयार करून घेतले तर तोही दीनचाच एक धडा ठरेल. शेजारचे घर गोंड असो, बंगाली असो वा आपले, तेथील बाळाचा जीव तितकाच मोलाचा आहे. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, असे कुरआनने म्हटले आहे आणि त्या जीवाला धर्माची वा जातीची अट जोडलेली नाही.

तेव्हा ‘आमची नियत चांगली होती’ या वाक्याचे उत्तर असे आहे की नियत खरी असेल तर ती विचारते, शिकते, मोजते आणि शिकलेले पुढे पोहोचवते. हे सर्व करूनही जे घडेल ते अल्लाहच्या मर्जीचे आणि तेथे शोकाकुल माता-पित्यांसाठी त्याच्या कृपेला सीमा नाही. परंतु जे आपल्या हाती दिले आहे त्याचे माप आपल्यालाच राखायचे आहे. अल्लाह आपल्या लेकरांना आरोग्य देवो, आपल्या दयेला ज्ञानाची जोड देवो आणि जे ठाऊक नाही ते विचारण्याची नम्रता आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.